घरच्या अभ्यासासाठी काय निवडायचं: व्हॉट्सॲप ग्रुप, गूगल क्लासरूम की छापील पत्रक?

शाळेचं नवं वर्ष सुरू झालं की हा निर्णय घ्यावाच लागतो. वर्गात शिकवलेलं मुलांना घरी पुन्हा हाताळता यावं, यासाठी काय वापरायचं? मी ही तिन्ही साधनं वर्गासाठी वापरली आहेत. त्यांच्याकडे बघताना मी दोनच गोष्टी तपासते. संध्याकाळी मूल एकटं अभ्यासाला बसलं की त्याला आजचं काम सापडतं का? आणि केलेलं काम माझ्यापर्यंत परत येतं का? बाकीच्या सोयी यानंतर.

व्हॉट्सॲप ग्रुपची जमेची बाजू सगळ्यांना माहीत आहे. ॲप बहुतेक पालकांच्या फोनमध्ये असतंच, नव्याने काही शिकवावं लागत नाही. भाषेच्या शिक्षकांना तर आवाजी संदेशासारखं दुसरं साधन नाही. कवितेचं वाचन, अवघड शब्दांचे उच्चार एका मिनिटात रेकॉर्ड करून पाठवता येतात आणि मूल ते हवं तितक्या वेळा ऐकू शकतं.

पण अभ्यासाचं काम सापडण्याच्या बाबतीत ग्रुप फार कमी पडतो. एकदा मी अपूर्णांकांच्या बेरजांचा फळ्यावरचा फोटो दुपारी टाकला. त्यावर ‘मिळालं’, ‘धन्यवाद’, सहलीची चौकशी, कुणाच्या तरी हरवलेल्या डब्याची विचारणा असं सगळं साचत गेलं. एका मुलीची आई कामावरून रात्री आठला परतायची आणि घरात फोन तो एकच. मुलीने वर सरकत सरकत फोटो शोधला, तर फळ्यावर उजेड चमकून उजवीकडच्या तीन गणितांचे छेद दिसतच नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने वही उघडली, तेव्हा त्या तिन्ही गणितांत अंशांखाली रेघ मारून जागा कोरी सोडलेली होती. तिचं काही चुकलं नव्हतं, पोचवण्याची माझी पद्धत चुकली होती.

यावर थोडे उपाय आहेत. सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिनला संदेश पाठवता येतील असं करा. आठवड्याचं काम पिन करा, ते जास्तीत जास्त 30 दिवस वर राहतं. मात्र मुलांनी सोडवलेलं काम ग्रुपवर मागवू नका. पहिला फोटो आला की तीच उत्तरसूची होते आणि उरलेली मुलं उतरवून मोकळी होतात. शिवाय ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि व्हॉट्सॲप स्वतंत्रपणे वापरायला वयाची अट किमान 13 वर्षांची आहे. म्हणजे लहान वर्गांत हा ग्रुप पालकांचाच असतो, मुलांचा नव्हे.

गूगल क्लासरूम, म्हणजे वर्गाचं काम ऑनलाइन देण्या-घेण्याचं गूगलचं साधन, 2014 मध्ये आलं. शाळेच्या खात्यांपुरतं असलेलं ते 2017 पासून वैयक्तिक खात्यांनाही खुलं झालं. इथे धडावार विषय लावता येतात, प्रत्येक कामाला मुदत देता येते आणि कोणाचं आलं, कोणाचं राहिलं हे एका नजरेत कळतं. मुलाचं काम फक्त शिक्षकाला दिसतं, त्यावर खाजगी शेरा देऊन ते परत पाठवता येतं. ज्याला चारचौघांत चूक दाखवलेली सोसत नाही, त्या मुलासाठी हा खाजगी शेरा फार मोलाचा असतो.

मला सर्वांत उपयोगी वाटते ती छोटी प्रश्नमंजूषा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग प्रसिद्ध आहे. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर, वाचलेलं आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून घरी ‘धडा पुन्हा वाचा’ सांगण्यापेक्षा पुस्तक मिटून सोडवायचे पाच प्रश्न दिलेले बरे. क्लासरूममध्ये बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरं आपोआप तपासली जातात, तो वेळ मला चुकलेल्या मुलांशी बोलायला मिळतो.

अडचण सुरुवातीला येते. खाती, पासवर्ड, भावंडांच्या एकाच फोनवर खातं बदलणं, या सगळ्यात पहिले दोन आठवडे जातात. बहुतेक देशांत 13 वर्षांखालच्या मुलाला स्वतःचं स्वतंत्र खातं काढता येत नाही, पालकांची देखरेख किंवा शाळेने दिलेलं खातं लागतं. आणि घरी इंटरनेट नसेल तर सगळंच थांबतं. युनिसेफच्या 2020 च्या अहवालानुसार जगातल्या 3 ते 17 वयोगटातल्या 130 कोटी मुलांच्या घरी, म्हणजे दोन तृतीयांश मुलांकडे, इंटरनेट नव्हतं. आपला वर्ग यात कुठे बसतो, हे आधी बघायला हवं.

छापील पत्रकाला हे प्रश्नच पडत नाहीत. सोमवारी एक पान, आठवडाभराचं काम, वहीत चिकटवलेलं. मी त्यात दोन प्रश्न चालू धड्याचे, दोन गेल्या महिन्यातले आणि एक घरातल्या कोणाला तरी समजावून सांगायचा, असे ठेवते. पत्रक हरवतं, त्यात आवाज नाही आणि तपासणीचा भार पूर्ण शिक्षकावर येतो, हे खरं आहे. तरी मूल ते कोणाची वाट न बघता काढून बसू शकतं.

लहान वर्गांना मी पत्रकच देईन, जोडीला सूचना आणि आवाजी वाचनापुरता, फक्त ॲडमिनलाच संदेश टाकता येईल असा ग्रुप. मुलं 13 च्या पुढची असतील, शाळेची खाती असतील आणि संध्याकाळी फोन किंवा संगणक हाताशी असेल, तर बिनधास्त क्लासरूम घ्या. मधल्या वर्गांत मात्र तीन-चार घरांतही फोन मिळत नसेल, तर मूळ काम कागदावरच ठेवा. क्लासरूमवर जास्तीचा सराव असू द्या, त्यावर गुण नकोत. काहीही निवडलंत तरी मूळ कामाची जागा एकच असू द्या. अर्धं ग्रुपवर, अर्धं कागदावर झालं की मुलं गोंधळतात आणि पालक वैतागतात.

निवडण्याआधी पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाबरोबर घरी एक चिठ्ठी पाठवा: ‘संध्याकाळी सहा ते आठ या वेळात घरात फोन कोणाजवळ असतो?’ चिठ्ठीवर बाकी काही विचारू नका. परत आलेल्या चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे करा, त्या वेळात मुलाला फोन मिळू शकतो अशी घरं आणि मिळू शकत नाही अशी घरं, आणि मग ठरवा.