सीक्वेलाइझमधला चुकणारा क्रम: साधा इन्क्लूड घ्यावा की सेपरेट?

वाचनालयाच्या एका कामात सीक्वेलाइझ (जावास्क्रिप्टमधून डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) वापरून यादी हवी होती: ज्याने अलीकडे पुस्तक नेलं तो सदस्य वर, पानावर 10 जण. पहिल्या प्रयत्नात 10 जण आले खरे, पण काल संध्याकाळीच पुस्तक नेलेल्या आजोबांचा पत्ता नाही. एक ऑप्शन बदलला तर आजोबा आले आणि पानावर उरले तीनच जण. एरर कुठेच नाही, हा त्यातला खरा ताप.

सदस्य आणि देवघेव यांचं नातं हॅजमेनी, म्हणजे एका सदस्याच्या अनेक नोंदी. इन्क्लूड म्हणजे सोबतच्या टेबलातल्या नोंदीही मागणं. साधा इन्क्लूड म्हणजे जॉइन, दोन्ही टेबलं एकाच क्वेरीत जोडलेली. त्यात लिमिट (किती ओळी आणायच्या) दिलं की सीक्वेलाइझची सहावी आवृत्ती सदस्यांची सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) करून लिमिट तिच्या आत ठेवते. देवघेवीच्या तारखेचा ऑर्डर मात्र बाहेर राहतो. म्हणजे आधी कोणतेही 10 सदस्य उचलले जातात आणि मग त्या दहांचीच मांडामांड होते. सबक्वेरी फॉल्स केली (वर बदललेला ऑप्शन तो हाच) की लिमिट जॉइनमधून आलेल्या ओळींना लागतं. आमच्याकडे एकाच्या 5 ओळी, दुसऱ्याच्या 4, तिसऱ्याची 1, झाल्या दहा. कन्सोलवर छापलेल्या एसक्यूएलमध्ये लिमिट कंसाच्या आत आहे की बाहेर, हे आधी बघा. निम्मं कोडं तिथेच सुटतं.

सेपरेट ट्रू केलं की देवघेवीची क्वेरी वेगळी जाते. सदस्यांचं लिमिट मग सदस्यांनाच लागतं, आणि इन्क्लूडच्या आत लिहिलेला ऑर्डरही चालतो. साध्या इन्क्लूडमध्ये तो आत लिहून उपयोग नाही, बाहेर मुख्य ऑर्डरमध्येच द्यावा लागतो. बहुतेक जण इथेच अडकतात. प्रत्येक सदस्याच्या शेवटच्या 3 नोंदी हव्या असतील तरी सेपरेटच घ्या. पण देवघेवीच्या तारखेवरून सदस्यांचा क्रम त्याने लागत नाही, कारण मुख्य क्वेरीत ते टेबलच नसतं.

वेअरचंही तसंच. साध्या इन्क्लूडमध्ये वेअर (अट) घातला की इनर जॉइन होतो आणि नोंद नसलेले सदस्य गायब होतात. सेपरेटमध्ये सदस्य राहतात, त्यांची यादी रिकामी येते. थकबाकीदारच हवे असतील तर पहिलं बरं, सगळ्यांचे खाते-उतारे हवे असतील तर दुसरं.

मी स्वतः आता नोंदींच्या क्रमासाठी डोळे झाकून सेपरेट घेतो. सदस्यांचाच क्रम लावायचा असेल तर सदस्याच्या टेबलात 'शेवटची देवघेव' असा कॉलम ठेवतो आणि नोंद होताच तो अपडेट करतो. शुद्धतावादी नाक मुरडतील, पण जॉइन न लावता पान बरोबर येतं. फक्त पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये उतरत्या क्रमात नल (रिकाम्या नोंदी) आधी येतात, म्हणजे कधीच पुस्तक न नेलेले सदस्य सगळ्यात वर! तिथे 'डेस्क नल्स लास्ट' लिहा. मायएसक्यूएलमध्ये ते आपोआप खाली जातात. आणि तारखेनंतर आयडीही ऑर्डरमध्ये द्या, नाहीतर एकाच दिवशीचे दोघे पान उलटताना जागा बदलतात.

सदस्य आणि आवडते लेखक असं बिलाँग्जटूमेनी (दोन्ही बाजूंनी अनेक) नातं असेल तर सेपरेट चालतच नाही, थेट एरर येते. मग मधल्या टेबलाचं मॉडेल करून त्याच्याशी हॅजमेनी जोडायचं.