टाल्क की कॅल्शियम: स्क्रू लागणाऱ्या पीपी पार्टसाठी

नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात पीपीचं (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचं) मोल्डिंग करणाऱ्याला कंपाउंडवाला, म्हणजे प्लास्टिकमध्ये भुकटी मिसळून दाणे देणारा, हमखास विचारतो, वीस टक्के टाल्क (मऊ खनिजाची भुकटी) देऊ की वीस टक्के कॅल्शियम (कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी)? घनता दोन्हींची घन सेंटिमीटरला 2.7 ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे पार्टच्या वजनात फरक पडत नाही. भाव पाहताना मात्र किलोवर जाऊ नका, नगावर हिशेब करा. साध्या पीपीची घनता 0.905, वीस टक्के भरलं की ती 1.045 च्या घरात जाते. ज्या साच्यात 905 ग्रॅम माल जायचा त्यात आता 1,045 ग्रॅम जातो आणि त्यातलं पीपी जेमतेम 7-8 टक्क्यांनी घटतं. वीस टक्के भरलं म्हणजे पीपी वीस टक्के वाचलं, असं धरून कोटेशन देऊ नका.

कडकपणात टाल्क पुढे, यात वाद नाही. त्याचे कण म्हणजे चपटे पापुद्रे, शिवाय पीपीचे स्फटिक त्यांच्यावर लवकर धरतात, म्हणून पार्ट साच्यातून लवकर काढता येतो. साध्या होमोपॉलिमरचा (निव्वळ प्रॉपिलीनच्या पीपीचा) सुमारे 1.5 गिगापास्कलचा फ्लेक्झरल मॉड्युलस, म्हणजे वाकण्याला होणाऱ्या विरोधाचं माप, वीस टक्के टाल्कनं 2.5 च्या आसपास जातो. कॅल्शियमनं तो साधारण 2 पर्यंतच. उष्णतेत आकार टिकवायलाही टाल्कच बरा. उलट स्टिअरिक ॲसिडचा कोट असलेलं, 2-3 मायक्रॉनचं कॅल्शियम घेतलं तर पार्ट हातातून पडल्यावर सहसा वाचतो.

माझ्यापुरता निर्णय कॅल्शियमच्या बाजूनं झाला तो स्क्रूच्या बॉसवर, म्हणजे स्क्रू बसवायला पार्टवर काढलेल्या पोकळ खुंटीवर. साच्यातल्या पिनेभोवती वितळलेला माल दोन बाजूंनी वळसा घालतो आणि गेटच्या (माल साच्यात शिरतो त्या तोंडाच्या) विरुद्ध बाजूला परत भेटतो. तिथे वेल्ड लाइन, म्हणजे सांध्याची रेघ, पडते. टाल्कचे पापुद्रे नेमके त्या रेषेला समांतर उभे राहतात, त्यामुळे दोन प्रवाहांमध्ये पीपीचं पीपीशी धरणं कमी होतं. सेल्फ टॅपिंग स्क्रू बॉसला आतून बाहेर ताणतो आणि ताण थेट त्या रेषेवर येतो. वैताग असा, की असेंब्लीच्या टेबलावर सगळं ठीक दिसतं. चार-आठ दिवसांनी गोदामात खोकं उघडलं की बॉसच्या त्याच बाजूला उभी, केसासारखी पांढरी रेघ दिसते, आणि स्क्रू घट्ट केला की तो नुसता फिरतो.

उपाय आहेत. साच्याचं तापमान 40 वरून 60 अंशांवर न्या, माल 220 ऐवजी 235 वर चालवा, इंजेक्शनचा वेग वाढवा, रेघ पडते तिथे 0.02 मिलिमीटरचा व्हेंट (हवा निघून जायची फट) काढा, भोक स्क्रूच्या व्यासाच्या 0.8 पट ठेवा आणि बॉसचा बाहेरचा व्यास स्क्रूच्या किमान दुप्पट. यानं तक्रारी कमी होतात, पण साचा गरम ठेवला की सायकल (एक पार्ट काढायला लागणारा वेळ) लांबते आणि टाल्कनं वाचवलेले सेकंद तिथेच जातात. कॅल्शियमच्या मालात वेल्ड लाइन असतेच, पण कण गोलसर असल्यानं आडवे-उभे लागण्याचा प्रश्न नाही. आमच्या कामात तरी त्याच साच्यात बॉस धरून राहिले. जाड, आखूड बॉस असेल तर हा फरक कदाचित तुम्हाला जाणवणारही नाही.

पावसाळ्यात दोन्हींना जपावं लागतं. खाडीकडच्या दमट हवेत उघडी राहिलेली बॅग सरळ हॉपरमध्ये (मशीनच्या दाणे भरायच्या टाकीत) ओतली तर पार्टवर चंदेरी रेषा उठतात. 80-90 अंशांवर दोन तास सुकवून घ्या. सर्वांत जास्त ओल कोट नसलेलं कॅल्शियम धरतं, म्हणून ऑर्डरमध्ये 'कोटेड' लिहून घ्या.

एका ठिकाणी मात्र मीही टाल्कच सांगेन: बाथरूमचे पार्ट. फरशी धुण्याच्या ॲसिडनं कॅल्शियम विरघळतं आणि पृष्ठभाग खडबडीत, निस्तेज होतो. टाल्कला त्याचं काही होत नाही.

आलेला माल खरंच कॅल्शियमचा आहे का, हे राखेवरून कळतं. पाच ग्रॅम दाणे आधी मोकळ्या हवेत जाळून घ्या, मग 550 अंशांच्या भट्टीत ठेवा. उरलेल्या राखेवर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकला की कॅल्शियम फसफसतं, टाल्क गप्प बसतं. भट्टी 800 वर नेऊ नका. त्या तापमानाला कॅल्शियम कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वजनाचा 44 टक्के भाग, उडून जातो. वीस टक्क्यांचा चोख माल मग अकरा टक्क्यांचा दिसतो आणि कंपाउंडवाल्याशी विनाकारण भांडण होतं.