'रेड हेडेड स्ट्रेंजर': आठ महिने ऐकल्यानंतर

ही रेकॉर्ड मी पहिल्याच आठवड्यात परत करायला निघाले होते. 'जवळजवळ नवी' म्हणून विकलेली जुनी एलपी घरी आणून लावली, तर पहिल्या बाजूला सुरुवातीपासून टक्-टक्, टक्-टक्. दुकानदाराने हात वर केले. दुसऱ्या एखाद्या गजबजलेल्या रेकॉर्डवर तो ओरखडा खपून गेला असता. अमेरिकन कंट्री गायक (कंट्री म्हणजे तिथल्या खेड्यापाड्यांतून आलेलं लोकप्रिय संगीत) विली नेल्सनच्या 'रेड हेडेड स्ट्रेंजर'मध्ये तो लपायला जागाच नाही. एक आवाज, एक गिटार आणि बाकी बहुतेक शांतताच. शेवटी पदरचे पैसे घालून दुसरी प्रत घेतली आणि गेले आठ महिने तीच ऐकते आहे.

खरं सांगायचं तर चांगली प्रत मिळाल्यावरही सुरुवातीला काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटलं. गाणं रंगात येतंय म्हणेपर्यंत संपतं. काही तुकडे तर मिनिटभराचेही नाहीत. पुढे वाचलं तर कळलं की विलीच्या रेकॉर्ड काढणाऱ्या कोलंबिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनाही हेच वाटलं होतं. टेप ऐकून त्यांचा समज झाला की हा नुसता कच्चा नमुना आहे, खरं रेकॉर्डिंग अजून व्हायचंय. मी राहते डॅलसजवळच्या रिचर्डसनला, आणि शेजारच्याच गार्लंडमध्ये ऑटम साउंड नावाच्या स्टुडिओत जानेवारी 1975 मध्ये हे सगळं ध्वनिमुद्रित झालं. खर्च 4,000 डॉलरच्या आसपास. कंट्री संगीताची राजधानी असलेल्या नॅशव्हिलमध्ये तेव्हा व्हायोलिनांचा ताफा आणि मागे कोरस असल्याशिवाय गाणं पुरं झालं असं कोणी मानत नसे. पण विलीच्या करारात काय आणि कसं गायचं याचा शेवटचा शब्द त्याचा होता. कंपनीला आहे तसंच बाजारात आणावं लागलं.

पुढचा इतिहास मोठा आहे, थोडक्यात सांगते. विली तेव्हा 42 वर्षांचा. गायिका पॅट्सी क्लाइनने गाजवलेलं 1961 चं 'क्रेझी' त्याचंच, पण गीतकार म्हणून नाव असलं तरी गायक म्हणून तो मागेच होता. या अल्बममधलं 'ब्लू आइज क्राइंग इन द रेन' हे फ्रेड रोजचं जुनं गाणं कंट्रीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. गायक म्हणून पहिल्या क्रमांकावर गेलेलं विलीचं हे पहिलंच गाणं, आणि त्यालाच ग्रॅमीही मिळालं. अल्बमही कंट्री यादीत वर पोचला, दोनदा प्लॅटिनम झाला (म्हणजे वीस लाख प्रतींचा टप्पा गाठला) आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2009 च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत तो जतनासाठी घेतला.

मला मात्र यश कळून आवडलं नाही, कान बसल्यावर आवडलं. साधारण तिसऱ्या महिन्यात. रात्री इस्त्री करताना लावायचे. एकदा लक्षात आलं की विली ओळ जरा उशिरा उचलतो. ठेका पुढे निघून जातो, हा मागे रेंगाळतो, आणि मग दोन-तीन शब्द भराभर म्हणून नेमका जागेवर येतो. लयीशी असं खेळणं आपल्याकडच्या गाण्यात ऐकलं होतं, टेक्ससमध्ये सापडेल असं वाटलं नव्हतं. इस्त्री बाजूला ठेवून ते एकच गाणं चार वेळा ऐकलं. गिटार मार्टिन कंपनीची, नायलॉनच्या तारांची, नाव ट्रिगर. असली गिटार बोटांनी वाजवायची असते. हा नखीने वाजवत आला, म्हणून तिच्या लाकडाला भोक पडलंय. पियानोवर विलीची सख्खी बहीण बॉबी, माउथ ऑर्गन मिकी राफेलचा. ड्रम इतके जपून की आहेत हे विसरायला होतं.

गोष्ट एका धर्मोपदेशकाची आहे. बायको जुन्या प्रियकराबरोबर जाते, हा दोघांना गोळ्या घालतो आणि काळ्या घोड्यावर बसून भटकत राहतो. बरोबर तिचं तांबडं तट्टू. शीर्षकगीत 1950 च्या दशकातलं, विली ते आपल्या मुलांना झोपवताना म्हणायचा. कोलोरॅडोहून गाडीने परत येताना बायको कॉनीने सुचवलं की यावरच अल्बम कर. मूळ गाण्यात बायको आधीच मेलेली आहे, तिला मारण्याची मागची हकिगत विलीने जोडली.

बाबा सांगलीहून सहा महिने राहायला आले होते. इंग्रजी गाणी त्यांना एरवी गोंगाट वाटतात. हे ऐकून मात्र म्हणाले, "अगं, हा फिरून फिरून त्याच चालीवर येतोय. आख्यान लावलंय का?" अगदी बरोबर. 'टाइम ऑफ द प्रीचर'ची चाल ध्रुवपदासारखी परत येते आणि कथा पुढे सरकते. मग मी त्यांना ओळ न् ओळ मराठीत सांगत गेले. शीर्षकगीतात एक बाई हसत त्या तट्टूला हात घालते आणि हा तिलाही गोळी घालतो. वर गाणं म्हणतं, घोडं चोरू पाहणारीला मारलं म्हणून फाशी देता येत नाही. बाबांनी विचारलं, "बाईचा गुन्हा एवढाच?" मला उत्तर देता आलं नाही. इतकं हळुवार गाताना तो त्या बाईसाठी जराही थांबत नाही, हे मला आजही सहन होत नाही. अल्बम आवडतो म्हणून मी ते पाठीशी घालणार नाही.

दुसरी बाजू वेगळी आहे. रेकॉर्ड उलटली की तो डेन्व्हरला पोचतो, तिथे एक बाई भेटते, दोघं नाचतात. मग 'कॅन आय स्लीप इन युअर आर्म्स' येतं. इथे आवाजातला ताठरपणा गेलेला असतो. शेवटी 'बांदेरा', शब्दच नाहीत, नुसती वाद्यं. म्हणून सांगते, शक्यतो एलपीवरच ऐका. मध्ये उठून रेकॉर्ड उलटायला जो वेळ लागतो तो या गोष्टीला हवाच आहे. 2000 सालच्या सीडीत शेवटी चार जादा तुकडे जोडलेत, ते नंतर कधीतरी ऐका. 'बांदेरा'ला लागून नकोत.

ओरखडा पडलेली प्रत बाबा जाताना घेऊन गेले. भीमसेनांच्या रेकॉर्डींसाठी त्यांचं जुनं यंत्र अजून चालू आहे, आणि त्या प्रतीची दुसरी बाजू स्वच्छ वाजते.