कोपऱ्यावरचा कॅफे: काही महिने नेमाने गेल्यानंतर

नवा कॅफे उघडला की सुरुवातीला सगळंच छान लागतं, म्हणून लिहायला मुद्दाम वेळ घेतला. आता नेमाने जाऊन बरेच महिने झालेत. सँडविचसाठी डोळे झाकून जा, पण सकाळी जा. पेस्ट्री कशी मिळेल ते मात्र तुम्ही किती वाजता जाता त्यावर आहे.

सँडविचचा सगळा खेळ पावाचा, आणि इथे पाव रोज आतल्या भट्टीतच भाजतात. वरून खरपूस, आत लुसलुशीत, चावताना टाळू सोलवटत नाही. सारण भरण्याआधी दोन्ही फोडींना अगदी कडेपर्यंत लोणी लावतात. ते नुसतं चवीसाठी नाही. लोण्यामुळे टोमॅटोचं पाणी पावात मुरत नाही. टोमॅटोवर मीठही वरची फोड ठेवायच्या क्षणी भुरभुरतात, कारण आधी घातलं की पाणी सुटतं. म्हणूनच बांधून आणलेलं सँडविच तासाभरानेसुद्धा लगदा झालेलं नसतं.

क्रोसाँ ताजा असेल तर दुसरं काही मागवू नका. कणकेत लोण्याची लादी गुंडाळून तीन वेळा तिहेरी घडी घातली की लोण्याचे २७ थर होतात. भट्टीत पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात. इथला क्रोसाँ मधोमध कापला की मधाच्या पोळ्यासारखी मोकळी जाळी दिसते. लोणी खरं आहे हे जिभेला लगेच कळतं. ते साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, म्हणजे तोंडाच्या उबेनेच. पेस्ट्रीसाठीचं मार्जरिन, म्हणजे तेलापासून केलेलं नकली लोणी, त्याहून जास्त तापमानाला वितळतं, म्हणून खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर राहतो. तो इथे कधीच जाणवला नाही.

आता तक्रार. उरलेला माल काचेच्या फ्रिजमध्ये जातो, आणि तिथेच घात होतो. पावातला स्टार्च बाहेरच्यापेक्षा फ्रिजच्या थंडीत लवकर घट्ट होतो, त्यामुळे संध्याकाळचा क्रोसाँ शिळाच लागतो. त्यात मायक्रोवेव्हमध्ये गरम करून दिला की चिवट! ‘ओव्हनमध्ये करून द्या’ म्हणा, कुरकुर न करता देतात. पाचेक मिनिटं थांबायची तयारी हवी.

फळांच्या टार्टचा तळ पूर्वी दुपारपर्यंत मऊ पडायचा. दोन-तीनदा बोलून दाखवलं. हल्ली कस्टर्डखाली पांढऱ्या चॉकलेटचा पातळ हात असतो आणि तळ खुसखुशीत राहतो. सांगितलेलं ऐकणारी माणसं आहेत, याचे माझ्याकडून जास्तीचे गुण.

कॉफी ठीकठाक. टेबलं मोजकी, खिडकीजवळचं तर लॅपटॉपवाल्यांनी जणू लिहून घेतलंय. कोणी उठवत नाही हे खरं, पण तासाभरात त्या लाकडी खुर्च्याच पाठीला उठ म्हणतात. सुट्टीच्या दिवशी अंड्याचं सँडविच दुपारच्या आत संपतं. फोन करून सांगितलं तर बाजूला काढून ठेवतात.