फोर्ज्ड म्हणून कास्ट पिस्टन गळ्यात मारले

माझा अडीच महिन्यांचा पगार फोर्ज्ड (दाबून घडवलेले) म्हणून विकलेल्या, पण कास्ट (साच्यात ओतलेले) निघालेल्या या चार पिस्टनांत गेला. ६० टक्के ऑर्डर देताना भरले, ४० टक्के माल निघण्याआधी. म्हणजे खोकं माझ्या हातात पडलं तेव्हा सगळे पैसे विक्रेत्याच्या खिशात होते. त्यावर बोअरिंग आणि होनिंग (सिलिंडर आतून कातून गुळगुळीत करणं), रिंगा, हेड गॅस्केट आणि ट्यूनिंगचा आणखी सव्वा महिन्याचा पगार. लिहायला लाज वाटते, कारण मी नवखा नाही. माझ्या हातून याआधी दोन इंजिनं उभी राहिली आहेत. पण गेल्या आठवड्यात एका मित्राने याच माणसाचा नंबर दाखवून "घेऊ का?" असं विचारलं आणि मग गप्प बसवेना.

इंजिन चार सिलिंडरचं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८१ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७७.४, मूळ कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १०.५. मला १२ हवा होता. एका सिलिंडरची स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टनच्या धावेतली जागा) ३९९ सीसी येते, म्हणजे पिस्टन अगदी वर असताना ३६.३ सीसी जागा उरली पाहिजे. माझ्या हेडवर त्यासाठी ८ सीसीचा डोम (पिस्टनच्या माथ्यावरचा फुगवटा) लागत होता. धातू ठरला २६१८ हा अॅल्युमिनियमचा मिश्रधातू, फोर्ज्ड. नॉक (सिलिंडरमधलं मिश्रण अवेळी पेटून बसणारा दणका) झाला तर हा मिश्रधातू वाकतो, दबतो, पण चटकन तडकत नाही. ४०३२ या दुसऱ्या मिश्रधातूमध्ये १२ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं, तो गरम झाल्यावर कमी फुगतो, थंड इंजिनात आवाज कमी करतो. रोजच्या गाडीला तोच बरा. मला ट्रॅकसाठी २६१८ हवा होता आणि पैसेही मी त्याचेच मोजले.

पहिल्या फोनवर त्या माणसाने गाडी कोणती ते विचारलं आणि लगेच कोटिंगचा रंग विचारला. रॉडची लांबी नाही, डेक हाइट नाही, चेंबर किती सीसीचा, गॅस्केट किती जाड, कॅमची लिफ्ट किती, काही नाही. जो खरोखर पिस्टन बनवून देतो तो हे विचारल्याशिवाय पुढे बोलूच शकत नाही. मी काळा सांगितला.

पण माझी खरी चूक त्यानंतरची आहे आणि ती मला अजून झोपू देत नाही. मशीनिंग करणाऱ्या काकांचा फोन आला. त्यांनी चारही पिस्टन काट्यावर ठेवले होते : ३१८, ३२६, ३२१ आणि ३३१ ग्रॅम. "अहो, १३ ग्रॅमचा फरक आहे. हे फोर्ज्डच आहेत ना?" चांगल्या फोर्ज्ड सेटमध्ये फरक एक-दोन ग्रॅमचा असतो, हे मला पाठ आहे. तरी मी त्या विक्रेत्यालाच फोन लावला. तो म्हणाला, "हाताने फिनिश केलेत, एवढं होतंच." आणि मी काकांना सांगितलं, "घासून बॅलन्स करा आणि बसवा." हे माझ्या तोंडचे शब्द. पिस्टन उलटा करून आत एकदा टॉर्च मारली असती तरी पुरलं असतं.

डोम आधी का मोजला नाही, असं सगळे विचारतात. प्रत्येक पिस्टनसोबत नंबर घातलेला कागद होता, त्यावर डोम ८.०, ८.०, ७.९, ८.० सीसी असं छापलेलं. क्राउनवर (पिस्टनच्या माथ्यावर) लेझरने २६१८ कोरलेलं. इंजिनाचा ब्लॉक बोअरिंगसाठी आधीच तीन आठवडे रांगेत थांबला होता. छापील कागदावर कोण अविश्वास दाखवेल? आता मी दाखवतो. ब्युरेट (द्रव मोजायची काचेची नळी) आणि पारदर्शक पट्टी घेऊन अर्ध्या तासाचं काम आहे, ते स्वतः करा.

त्याच कागदावर सिलिंडरच्या भिंतीशी क्लिअरन्स (फट) ०.०४ मिलिमीटर दिला होता. या बोअरला २६१८ साधारण ०.०८ ते ०.१० मागतो, कारण तो तापला की जास्त फुगतो. खरा २६१८ तेवढ्या फटीत अडकला असता. माझं इंजिन चाललं, कारण तो २६१८ नव्हताच.

गाडी मरगळलेली होती. ताकद येईना म्हणून ट्यूनरने ठिणगीचं टायमिंग थोडं पुढे घेतलं. नॉक झालं आणि तिसऱ्या सिलिंडरची रिंग लँड (पिस्टनवरची, रिंगांच्या खाचांमधली कड) तुटली. यात ट्यूनरचा दोष नाही, फोर्ज्ड पिस्टनने तेवढं सोसलं असतं. इंजिन उघडलं, थिनरचं फडकं फिरवलं तर स्कर्टवरचं (पिस्टनच्या खालच्या भिंतीवरचं) काळं कोटिंग फडक्यावर आलं. गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी) काढून पिस्टन उलटा केला. आत साच्याचा जोड, खरबरीत कातडी. सरळसरळ कास्ट. डोम भरला २ सीसी. म्हणजे रेशो १०.४, मूळ इंजिनापेक्षाही कमी!

मग तक्रारीचा फेरा सुरू झाला. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत आणि वाद नोंदवायची मुदतही संपली. मुदत कशात संपली? बोअरिंगच्या रांगेत. पोलिसांकडे गेलो तर पहिला प्रश्न, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली, दिवाणी दावा लावा." माल बनावट असल्याचा सरकारी दाखला आणा म्हणाले. सरकारी प्रयोगशाळेत गेलो तर तिथे पोलिसांचं पत्र मागितलं. पत्रासाठी परत पोलिसांकडे, तिथे आधी दाखला मागितला. अशा सहा चकरा, सहा रजा. शेवटी पदरचे पैसे घालून खासगी प्रयोगशाळेत तुकडा तपासून घेतला : सिलिकॉन ११.९ टक्के. २६१८ मध्ये ते पाव टक्काही नसतं. तो अहवाल टेबलावर ठेवला तेव्हा समोरचा अधिकारी म्हणाला, "मग तुम्हाला जास्तच मिळालं की." मी पुन्हा समजावायला लागलो तर त्याने पुढच्या माणसाला हाक मारली. माझा अर्ज अजून "चौकशीत" आहे.

पैसे पूर्ण आगाऊ देऊ नका, निदान अर्धे तपासणीनंतर द्या. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. वजन, डोम, स्कर्टचा व्यास बँकेची मुदत असेपर्यंतच मोजून घ्या, ब्लॉक तयार नसला तरी. क्राउनवर कोरलेल्या आकड्याला काडीची किंमत नाही, आतली बाजू बघा. मशीनवाला शंका काढतो तेव्हा विक्रेत्याला फोन करू नका.

आज सकाळी त्याची जाहिरात पाहिली. तोच फोटो, तेच २६१८. आता करडं कोटिंगही मिळतं म्हणे.