त्रैमासिक पासवर सहा-सात महिने: सकाळ चोख, संध्याकाळ रामभरोसे

दुचाकी घरी लावून जूनपासून एसटीच्या पासवर कामाला जातोय. गाव पश्चिम महाराष्ट्रातलं, हमरस्त्यापासून सहा किलोमीटर आत. शहर २८ किलोमीटरवर. शहर तसं लहानच, पण सरकारी दवाखाना, कॉलेज, बाजार समिती, कोर्टकचेरी सगळं तिथंच. पास काढावा का, असं गावात बरेच जण विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पैशांचं आधी उरकतो, कारण तिथं वादच नाही. मासिक पासात २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस फिरायचं, त्रैमासिकात ५० दिवसांचं भरून ९० दिवस. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तरी पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग धरलं तर पासच परवडतो. शिवाय बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट, बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत. सवलत देताना हात आखडता घेतलाय, असं कुणी म्हणणार नाही.

सकाळही उत्तम. आमची पहिली गाडी मुक्कामी. चालक-वाहक ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपतात, पहाटे गावातच चहा होतो आणि सव्वासहाला डबल बेल. गाडी रात्रीच गावात आलेली असल्यामुळे ती सहसा चुकत नाही. कोथिंबिरीच्या पाट्या, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं, क्लासची पोरं... फाट्यापर्यंत उभं राहायलाही जागा उरत नाही. वाहक तर इतका ओळखीचा झालाय की कुणी दिसलं नाही तर दाराशी उभा राहून विचारतो, "आज मास्तरीणबाई नाहीत का?"

घोडं अडतं ते परतीला. संध्याकाळी सव्वासहाची गाडी, आणि त्यानंतर थेट साडेआठची मुक्कामी. सव्वासहाची आली तर सातला घरी. नाही आली तर स्टँडवर सव्वादोन तास. आठवड्यातून एखाद्या दिवशी तरी हे होतंच. फलाटावर कॉलेजच्या मुली घोळका करून उभ्या, प्रत्येकीच्या घरून फोन, "गाडी लागली का?" पावणेसातपर्यंत कुणी काही सांगत नाही. मग कुणीतरी चौकशीच्या खिडकीशी जातं आणि आतून उत्तर येतं, "मुक्कामी आहे की!" वडाप म्हणजे खासगी जीप मिळते, पण ती फाट्यावर सोडते. तिथून अंधारात सहा किलोमीटर कुणाची मुलगी चालत येणार?

का रद्द होते ते हळूहळू कळत गेलं. ही गाडी दिवसभर दुसऱ्या मार्गांवर फिरून आलेली असते. कुठं उशीर झाला, बिघाड झाला की शेवटची फेरी कापली जाते, आणि ती नेमकी आमची. आषाढीला गाड्या पंढरपूरला, गणपतीत कोकणात, डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींना, लग्नसराईत वऱ्हाडाला. जादा गाड्या लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण जादा म्हणून जाणारी गाडी कुणाच्या तरी रोजच्या फेरीतून काढलेली असते, हे बातमीत येत नाही.

आणि मग येतं भारमान. फेरीत किती जागा भरल्या, यावर फेरी टिकते. गाडी बेभरवशाची झाली की ज्याच्याकडे दुचाकी आहे तो आधी पळतो. मग मुलींना न्यायला वडील-भाऊ येऊ लागतात. राहिलेल्या आठ-दहा जणांवर गाडी धावते, कागदावर भारमान कमी दिसतं आणि फेरी बंद करायला कारण तयार. २०२१-२२ च्या संपात गाड्या महिनोन्‌महिने उभ्या होत्या. तेव्हा आमच्या भागात कितीतरी जणांनी हप्त्यावर दुचाक्या घेतल्या, ते परत स्टँडवर दिसले नाहीत. त्यामुळे "प्रवासीच नाहीत हो" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. प्रवासी आहेत, ते कंटाळून गेलेत.

गावात लोक नवी गाडी मागतात, इलेक्ट्रिक मागतात. माझं मत वेगळं आहे. गाडी जुनी असू दे, खिडकीची काच खडखडू दे, पण सव्वासहाची सव्वासहाला सुटू दे. आणि सुटणार नसेल तर ते साडेपाचला कळू दे. एक वाहक स्वतःहून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "आज सव्वासहा कॅन्सल" एवढं टाकतो. तेवढ्यावर मुली मैत्रिणीकडं थांबतात, मी काम लांबवतो. हे एका माणसाच्या चांगुलपणावर का चालावं?

अर्जांचा अनुभवही सांगतो. नुसत्या सह्यांच्या निवेदनावर पोच मिळते, बाकी काही नाही. दुसऱ्या वेळी ग्रामसभेचा ठराव जोडला आणि कॉलेजकडून आमच्या मार्गावरच्या पासधारक मुलामुलींची गावनिहाय संख्या घेतली. ती यादी पाहिल्यावर एसटीच्या साहेबांनी पहिल्यांदा खुर्ची पुढं ओढली. पास हाच पुरावा, म्हणून म्हणतो की रोज जाणाऱ्याने सुटं तिकीट न काढता पासच काढावा. मागणी दोनच गोष्टींची केली: सव्वासहाची फेरी कापायची वेळ आली तर मुक्कामी गाडी त्या दिवशी सातला सोडावी, आणि रद्द झाल्याचं तासभर आधी फलाटावरच्या भोंग्यावर सांगावं.

पहिलीवर "वर विचारतो" असं उत्तर आलंय. दुसरी गेल्या पंधरवड्यापासून अधूनमधून होतेय, म्हणजे कोण ड्यूटीवर आहे त्यावर. रोज सहाच्या आत परतायचं असेल तर पास डोळे झाकून काढा, कारण साडेचारची गाडी बऱ्यापैकी नेमाने येते. माझ्यासारखं सहाला सुटत असाल तर काढा, पण घरी सांगून ठेवा. आमच्या पुढच्या दोन गावांचे ठराव अजून आलेले नाहीत. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तेवढं घेऊन टाका.