एअर रायफल: स्प्रिंगची की पीसीपी?
२०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं कांस्यपदक जिंकलं, तेव्हापासून भाचा मागे लागलाय, "मामा, कुठली घेऊ?" शिकार डोक्यात असेल तर आधी काढ, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती बंद आहे. आपण कागदी टार्गेटबद्दल बोलूया.

स्प्रिंगची स्वस्त पडते. नळी खाली वाकवायची, छर्रा घालायचा, नळी परत सरळ करून मारायचा; पंप नको, सिलिंडर नको. पण घोडा दाबला की आत पिस्टन धावतो आणि छर्रा नळीतून सुटायच्या आतच रायफल हलते. दस्ता घट्ट आवळलास तर नेम हमखास भरकटतो. हलक्या हातानं धरायला शिकण्यातच माझे सुरुवातीचे महिने गेले.

पीसीपी म्हणजे आधीच हवा भरून ठेवलेली रायफल; तिच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) दाबलेली हवा असते. धक्का जवळजवळ नाहीच, म्हणून १० मीटरच्या स्पर्धेत हीच दिसते. खर्च मात्र कैक पट, हातपंपानं दंड भरून येतात, आणि सील गळलं की काम थांबलं. आपल्याकडच्या पावसाळ्यात गंजाची भीती दोन्हींना. तेलाचा फडका रोज फिरवायचा.

हौसेला, नेम शिकायला स्प्रिंगची घे. स्पर्धेत उतरायचंच असेल तर वर्षभर क्लबची पीसीपी वापर, मग स्वतःची घे.